टेलिफोनवर अडकलेला डबा

४ फेब्रुवारी

दादा,

ख्यालीखुशाली मागाहून विचारते. आधी एक स्पष्ट सांगते, मी तुझ्यावर अजून रागावलेलीच आहे. पत्र आलं म्हणजे धाकटी नरमली, असं समजून बेकरीभर मिरवू नकोस. माझा कानामागचा डबा तू पिठाच्या पिंपात पुरला होतास, ते मी विसरलेले नाही. कंपनीने दुसरा डबा दिला म्हणून निभावलं. नाहीतर तेव्हाच माझी बोंब झाली असती, आणि ती मला ऐकूही आली नसती.

काम आहे म्हणून लिहितेय. डबा अडकलाय.

तू ह्या डब्याचं नाव काढलं की उठून जायचास, तेव्हा तो कसा चालतो ते तुला माहीत असण्याचं कारण नाही. ऑपरेशन करून त्यांनी माझ्या डोक्यात, कातडीच्या खाली, एक चकती बसवली. बाहेरून कानामागे डबा लावला की तो लोहचुंबकाने चकतीला चिकटतो आणि आवाज आत पाठवतो. डब्याच्या तीन खुणा आहेत. घर, बाजार आणि टेलिफोन. घर म्हणजे समोरच्याचं बोलणं. बाजार म्हणजे तेच, पण गोंगाट कमी करून. आणि टेलिफोन म्हणजे बाहेरचं सगळं बंद, फक्त टेलिफोनचा रिसिव्हर डब्याला टेकवला की त्यातलं ऐकू येणार. खूण बदलायची ती मोबाइलमधल्या कंपनीच्या ॲपवरून. डब्याला बटण नाही. डबा देखणा दिसावा म्हणून काढून टाकलं होतं म्हणे.

कंपनी गेल्या वर्षी बुडाली. त्यांचा शेवटचा माणूस जाता जाता सांगून गेला, "हा मोबाइल जिवापाड जपा. अपडेट करू नका. केलात की ॲप जाईल, आणि परत कुठे मिळायचं नाही." मी मोबाइलच्या पाठीवर कागद चिकटवला, 'अपडेट करू नये'. पाण्यापासून जपला, उन्हापासून जपला. माझ्या माणसाला कधी जपलं नसेल इतका जपला.

अपडेट बिट्टीने केला. बिट्टी म्हणजे माझी मुलगी, तुझी भाची. तू तिला पाहिलेलं नाहीस. तिच्या शाळेत कुणी पाहुणे येऊन सांगून गेले, की जो फोन अपडेट करत नाहीत त्यात चोर शिरतात आणि आतलं सगळं घेऊन जातात. पोरीच्या जिवाला घोर लागला. आईचं ऐकू येणं त्या फोनमध्ये आहे आणि तेच कुणी नेलं तर? मी लॉन्ड्रीतून घरी आले, शेवटचं बोलणं फोनवर झालेलं म्हणून डबा टेलिफोनच्या खुणेवरच होता, तसाच काढून आंघोळीला गेले. बाहेर येते तर मोबाइल चकाचक, ॲप गायब, आणि बिट्टी बक्षीस मिळणार अशा तोंडाने उभी.

मी तिला मारलं नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण हात उचलला होता.

तेव्हापासून डबा टेलिफोनवर आहे. लॉन्ड्रीतल्या फोनवर मला अख्खं गाव ऐकू येतं आणि समोर बसलेली मुलगी ऐकू येत नाही. मी बोलते ते तिला कळतं. ती बोलते ते मला नाही.

तेव्हा विचारायचं असं, की लहानपणी आपण दोघं जे हातांनी बोलायचो ते तू परत शिकवशील का? मला म्हणजे बिट्टीला. मला काही नको.

पत्र बिट्टीच पेटीत टाकतेय. लगेच उत्तर दे.

तुझी धाकटी


११ फेब्रुवारी

दादा,

उत्तर नाही. ठीक आहे. बेकरीला सुट्टी नसते, माहीत आहे मला.

लॉन्ड्रीतली गंमत सांगते. गिऱ्हाईक काउंटरवर येतं, तोंड हलवतं, मी नुसती बघत राहते. मग मी म्हणते, जरा बाहेर जा आणि आतल्या नंबरवर फोन करा. पहिल्या दिवशी एका सुटाबुटातल्या गृहस्थांना वाटलं मी त्यांची टिंगल करतेय. पण गेले बिचारे. काचेच्या पलीकडे फुटपाथवर उभे राहून त्यांनी मला फोन केला, "कोटावरचा चहाचा डाग जाईल का?" मी म्हटलं, जाईल. दोघंही एकमेकांकडे बघून मान डोलावत होतो. मालकीणकाकू पोट धरून हसल्या. दोन दिवस हसल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी काउंटरला दुसरी मुलगी बसवली आणि मला आत फोनपाशी. पगार तोच ठेवलाय, वाईट नाहीत त्या. पण त्या कोपऱ्यात खिडकी नाही.

आणि एक तुला सांगते, दुसऱ्या कुणाला पटणार नाही. ह्या खुणेवर माणसं ऐकू येत नाहीत, पण तारा ऐकू येतात. ट्यूबलाइट, फ्रिज, इस्त्री, भिंतीतली वायर, सगळे गुंऽऽ करत असतात. घरात पाऊल टाकलं की गुंऽऽ. बिट्टी धावत येऊन कमरेला मिठी मारते, तिचं तोंड चाललेलं असतं, आणि मला फ्रिज ऐकू येतो. डबा काढला तर काहीच नाही. लावला तर हे. लावते आपली, लॉन्ड्रीतल्या फोनसाठी, आणि बिट्टीच्या बाबांसाठी.

हे जहाजावर असतात, तुला माहीतच आहे. लॉन्ड्रीतल्या फोनवरच फोन करतात. सगळं सांगितलं तर म्हणाले, "अगं, नीट ऐकतेस की! किती दिवसांत इतकं छान ऐकलं नव्हतंस." आता ह्या माणसाला काय सांगायचं? ज्या एका ठिकाणी मी बरी आहे, नेमकं तिथेच तो मला भेटतो.

तू म्हणशील, मी तेव्हाच सांगत होतो. नाही, तू सांगत नव्हतास. कंपनीवाले आले तेव्हा त्यांनी आपल्या दोघांनाही विचारलं होतं, फुकट करतो म्हणाले होते. तू म्हणालास, माझं काय बिघडलंय? मी म्हटलं, माझंही काही बिघडलेलं नाही, पण मला ऐकून बघायचंय. एवढ्यावर तू तोंड फिरवलंस. आणि ऐक, त्या डब्याने मला बिट्टी जन्मली तेव्हाचं तिचं रडणं दिलं. नंतर तिचं शिंकणं, पुटपुटणं, झोपेत कुणालातरी दम भरणं. आज डबा उकिरड्यात टाकायच्या लायकीचा झाला तरी ते मी परत करणार नाही. त्यासाठी कुणी मला चुकलीस म्हणायचं नाही. तू तर नाहीच.

हातांचं बोलणं मी सोडलं ते त्यांनी सांगितलं म्हणून. बोलायला शिकवणाऱ्या बाई होत्या, त्या म्हणायच्या, हातवारे केलेत तर कान आळशी होईल. हात मांडीखाली दाबून बसायचे. त्यामुळे तू जेवायला आलास, हातांनी बोलत राहिलास, आणि माझे हात मांडीखालीच राहिले. नियमच होता तो.

आता आठवायला बसते तर थोडंसंच हाताला लागतं. आईची खूण, कमरेला ओले हात पुसायचे. तुझी, भुवईवर दोन बोटं, तिथे खोक पडली होती म्हणून. माझी, मुठीने नाक चोळायचं, कारण मी सदा शेंबडी. आणि ताटली. भांडण झालं की ज्याला मिटवायचं असेल त्याने आपली ताटली दुसऱ्यापुढे सरकवायची, दुसऱ्याने तीतला एक घास खायचा, की संपलं. 'माफ कर'ला आपल्याकडे खूणच नव्हती. बाकी सगळं गेलं.

धाकटी


२० फेब्रुवारी

दादा,

पोस्टमन मला बघून दुसऱ्या बाजूने जायला लागलाय. मी दारातच उभी असते ना.

डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले. भल्या बाई आहेत, कागदावर लिहून लिहून त्यांचा हात दुखला. म्हणाल्या, दुसऱ्या कंपनीचा डबा ह्या चकतीला चालत नाही. चकती बदलायची तर डोकं पुन्हा उघडायचं, आणि आतली नस इतक्या वर्षांनी दुसरीला साथ देईल ह्याची खात्री कुणी देणार नाही. मी विचारलं, मग ह्या चकतीचं काय करायचं? त्यांनी लिहिलं, 'काही त्रास देत नसेल तर राहू द्या.' म्हणजे माझ्या डोक्यात एक कुलूप आहे, त्याची किल्ली बनवणारा दुकान बंद करून गेलाय, आणि त्रास देत नसेल तर राहू द्या. घरी येताना मी रस्त्यात रडले. लोकांनी वळून पाहिलं, तेव्हा कळलं की मोठ्याने रडत होते.

बिट्टी आणि मी पाटीवर बोलतो. ती लिहिते, मी वाचते. ओठ वाचता येतात म्हणतात, पण बिट्टीचे पुढचे दात पडलेत आणि ती आगगाडीसारखी बोलते. पाटीवर कामाचं सगळं होतं. 'भूक', 'सही हवी', 'मोजे'. पण पाटीवर वाद घालता येत नाही, लाडीगोडी लावता येत नाही, आणि उगाच केलेली बडबड तर कुणी पाटीवर लिहीत नाही. पूर्वी शाळेतून आली की दप्तर काढायच्या आत तिची सगळी बातमीपत्रं सांगून व्हायची. परवा तिने पाटीवर काहीतरी लिहायला घेतलं, थांबली, पुसलं आणि 'काही नाही' असं लिहिलं. हे 'काही नाही' मला ओळखीचं आहे, दादा. घरी पाहुणे आले की सगळे हसायचे, आपण दोघं विचारायचो काय झालं, आणि कुणीतरी सांगायचं, काही नाही.

हल्ली ती तो मुडदा मोबाइल घेऊन खोलीत दार लावून बसते. आता तो कुठल्या कामाचा नाही म्हणून मीच तिला खेळायला दिला. कार्टून बघत असणार. मला दाराबाहेरूनही कळतं, कारण मोबाइल चालू असला की डब्यात टर्र-टर्र वाजतं. एकदा रागावले. तिने पाटीवर लिहिलं, 'अभ्यास'. पाटीवर थापही मारता येते, हे नव्याने कळलं.

तुझ्या दोन्ही मुलांना ऐकू येतं, असं कळलं. आणि तुझ्याशी हातांनी भांडतात म्हणे, भर बेकरीत, गिऱ्हाइकांसमोर. ते कसं जमवलंस तेवढं तरी लिही.

धाकटी


१ मार्च

दादा,

आता चिडून लिहीत नाहीये.

काल संध्याकाळी बिट्टी न्हाणीघरात गेली आणि कडी अडकली. मी स्वयंपाकघरात भांडी घासत होते. मध्ये एक भिंत. फ्रिज गुंऽऽ करत होता, ट्यूबलाइट गुंऽऽ करत होती, मी माझ्या विचारात. ही पोर आतून ओरडत होती, दार बडवत होती, आणि मी इकडे पातेलं उजळत होते.

शेवटी तिनेच डोकं चालवलं. साबणाचं पाणी केलं आणि दाराखालून बाहेर ओतत राहिली. माझ्या पायाला ओलं लागलं तेव्हा मी खाली पाहिलं. सगळीकडे फेस. धावले, खांदा लावला, कडी तुटली. ती आत अंग चोरून बसलेली, बोटं लाल. मी तिला सारखी विचारत होते, किती वेळ, किती वेळ गं? ती नुसती मान हलवत राहिली. आज सकाळी तिने पाटीवर लिहिलं, 'घसा दुखतो'. त्यावरून मला कळलं किती वेळ ते.

शेजारणीने ह्यांना कळवलं. आज ह्यांचा फोन आला. ओरडले नाहीत, ओरडले असते तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाले, "उद्या आग लागली, कुणी दारात आलं, पोर पडली, तर काय करशील? तुला दोष देत नाही. पण बिट्टीला ताईकडे ठेवू. तुझं काही होईपर्यंत." मी विचारलं, माझं काय होणार आहे? त्यांचा श्वाससुद्धा ऐकू आला मला, इतका लखलखीत. त्या बाबतीत डबा उत्तमच आहे.

परीक्षा संपली की तिची आत्या न्यायला येणार. म्हणजे पुढच्या रविवारी. चांगली आहे ती, बिट्टीचे लाड करील. मला भीती ती नाही. तिथे सगळे बोलतात. तिथून ती सुट्टीला म्हणून घरी येईल, पाटी घेईल, आणि 'काही नाही' लिहील.

मला त्यांना काय सांगायचं ते कळत नाही, कारण ते खोटं बोलत नाहीत. मला खरंच ऐकू आलं नाही. तू सांग. तुझ्या घरात मुलं पडतात तेव्हा तू काय करतोस?

तुझी बहीण


७ मार्च

दादा,

लबाड कुठला.

आज भाजी चिरत होते आणि डब्यात टर्र-टर्र सुरू झालं. बिट्टीच्या खोलीचं दार बंद. उद्या पोर जायची आणि आज कार्टून बघत बसलीय, म्हणून तणतणत गेले आणि दार ढकललं. मोबाइल पुस्तकांना टेकवून ठेवलेला. बिट्टीची पाठ माझ्याकडे. आणि तिचे हात चाललेले, भराभरा, जसे तिच्या वयात माझे चालायचे. पडद्यावर तू. कोपरापर्यंत पीठ, डोक्यावरचं छप्पर विरळ झालंय तुझ्या. मुठीने नाक चोळत होतास. बिट्टीने मुठीने नाक चोळलं.

मी तिथेच दाराला टेकले.

ती माझं पहिलं पत्र टाकायला गेली, तेव्हा पाकिटाच्या मागे तिने तिच्या अक्षरात लिहिलं होतं, 'मामा, मला शिकव, आईला सांगू नको' आणि खाली मोबाइलचा नंबर. हे तिने मला आत्ता सांगितलं. अपडेट केल्यावर त्या मोबाइलवर समोरचं माणूस दिसतं, हे तिला मी न सांगताच कळलं होतं. जे ॲप गेलं त्याच्या जागी हे आलं. म्हणजे तू माझी सगळी पत्रं वाचलीस, तो शेंबूड, तो आक्रोश, सगळं, आणि रोज संध्याकाळी माझ्या मुलीशी गप्पा मारल्यास, आणि मला एक ओळ नाही. पिठात पुरण्याइतकंच वाईट वागलास. पण पाटीवर पुसलेलं सगळं तिने तुला सांगितलं असणार, आणि त्याचा मला किती आधार वाटला ते ह्या पत्रात मावत नाही.

मग तुला मी दिसले.

माझे हात ओले होते. तू माझ्याकडे बघितलंस आणि ते हात पाठीमागे गेले. मला कुणी सांगितलं नव्हतं. इथे ना ती कंपनी होती, ना त्या शिकवणाऱ्या बाई. हात आपले आपण गेले. आणि दादा, तू जेवायला आलास त्या दिवशीही टेबलापाशी त्या बाई नव्हत्याच.

तू बाजूला वाकलास, ताटली उचललीस, तीत पाव ठेवलास आणि पुढे सरकवलीस. सरकवत राहिलास, इतकी की पडद्यात पावाशिवाय काही दिसेना. मग धक्का बसल्यासारखं सगळं हललं, म्हणजे ताटली तुझ्या मोबाइलला आपटली असणार. बिट्टी माझ्याकडे वळली आणि तिने तळहात उलटा करून विचारलं, ह्याचा अर्थ काय? ही खूण तू तिला शिकवली नव्हतीस. माझ्यासाठी ठेवली होतीस.

मी तोंडाने सांगायला गेले आणि थांबले. हात पुढे घेतले. सांगितलं. तू हसलास, म्हणजे चुकलं असणार.

आता नीट वाच. हे पत्र टपालात टाकत नाही, वेळ नाही. बिट्टी ह्याचा फोटो काढून तुला पाठवतेय. उद्या सकाळी आत्या येतेय. तू आज रात्रीच्या गाडीने नीघ आणि तिच्या आधी पोच. तुझ्या घरी दारावरची बेल दाबली की दिवा लागतो, असं बिट्टी म्हणते. न्हाणीघरातही दोरी ओढली की दिवा लागतो म्हणे, तुझ्या धाकट्याने बांधलेली. दिवा, दोरी, वायर, जे लागेल ते घेऊन ये. आत्याला तिच्या डोळ्यांनी बघू दे, आपल्यासारख्या माणसाच्या घरात मूल कसं वाढतं. ह्यांचा फोन येईल तेव्हा हे सगळं मीच सांगेन, फोनवर मी त्यांना छान ऐकू येते. डबा सुटणार नाही, हे मला कळून चुकलंय. चकती डोक्यातच राहणार, फ्रिज गुंऽऽ करतच राहणार. पण बिट्टीला इथून हलू देऊ नकोस.

आणि ती ताटली आण. बिट्टी पाणी प्यायला गेली होती तेव्हा मी पडद्याला तोंड लावून पाहिलं. काच लागते.

तुझी शेंबडी